शेजारच्या सीटवरचा शिक्षक

निवळी फाट्यावरून जयगडला जाणारा रस्ता चढउतारांचा आणि वळणावळणाचा. बंदराकडे जाणारी अवजड वाहने याच रस्त्याने धावतात आणि 'एल'ची पाटी लावलेली एखादी छोटी गाडीही. तिचे स्टिअरिंग नुकतीच १८ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाच्या हातात असते, म्हणून शेजारी बसणारा शिक्षक फार महत्त्वाचा.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हा शिक्षक किमान दहावी उत्तीर्ण हवा. त्याला वाहन चालवण्याचा ५ वर्षांचा अनुभव हवा, मोटारीच्या यंत्राचे रीतसर शिक्षणही हवे. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. पण खरे कसब तो ब्रेक दाबायची वेळ येऊ न देण्यात आहे. समजा, जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडी चढवायची असते. मुलाचा पाय क्लचवरून पटकन सुटतो, इंजिन बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात. ओरडणारा शिक्षक अशा वेळी भीती वाढवतो. "आधी ब्रेक दाब. आता क्लच. घाई नाही," असे सांगणारा मुलाला सावरतो. हे शिकवणेसुद्धा शिकावे लागते, आणि त्याकडे आपले फार दुर्लक्ष झाले आहे.

पालकहो, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी विचारण्याआधी शिकवणार कोण, ते विचारा. एक दिवस मागच्या सीटवर बसून पाहा. आणि वयाआधी गाडीची चावी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.