माणसे मोजून घेणारे साहेब
(पुण्यानुमोदन कार्यक्रमात केलेले भाषण)



आपले ज्येष्ठ सहकारी, आपले अभियंता साहेब कालकथित झाले. त्यांना आदरांजली वाहण्यासाठी आज आपण जमलो आहोत. आम्ही या भाषणात त्यांचे नाव घेणार नाही. वाचनालयाच्या कपाटावर दात्याचे नाव रंगवावे, हा ठराव त्यांनी स्वतः दोन वेळा मागे घ्यायला लावला होता. त्यांच्या पश्चात त्यांची ती इच्छा मोडण्याचा अधिकार आम्हाला नाही. आणि नाव न घेताही येथे बसलेल्या प्रत्येकाला कोणाबद्दल बोलणे चालले आहे, ते समजते.

साहेब ऊर्जानगरला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचा काळ होता. चंद्रपूर वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि १९९७ पर्यंत सात संच उभे राहिले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती कंपनी झाली. २०१६ मध्ये पाचशे मेगावॅटचे आठवा व नववा हे संच सुरू झाले. पाट्या बदलल्या, साहेबांचे वरिष्ठ बदलले. परंतु साहेबांची काम करण्याची रीत बदलली नाही.

ती रीत आम्हाला कंत्राटी कामगारांनीच सांगितली. बॉयलरची नळी फुटली की संच बंद करावा लागतो. बॉयलर थंड करून वेल्डर व मदतनीस आत उतरतात. २१० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर दोन लाख दहा हजार युनिट वीज होते. म्हणून संच लवकर लावण्याची वरपासून खालपर्यंत घाई असते. अशा घाईतही परमिटचा कागद परत आला, एवढ्यावर साहेब समाधान मानत नसत. मॅनहोलचे झाकण लावण्यापूर्वी ते स्वतः उभे राहून आत गेलेल्यांची नावे पुकारत. प्रत्येकाने समोर येऊन ओ द्यावी, मगच झाकण लागे. त्या नावांत कायम नोकरीतला कोण आणि ठेकेदाराचा कोण, असा भेद नसे. बंधूंनो, ज्याचे नाव हजेरीच्या कागदापलीकडे कोणी घेत नाही, त्याला साहेबांच्या तोंडून आपले नाव ऐकून काय वाटत असेल, याचा विचार करा. करुणा हा शब्द आपण वंदनेच्या वेळी उच्चारतो. साहेबांनी तो कामाच्या जागेवर आचरणात आणला.

आम्ही बँकेत कारकून. आमची त्यांची ओळख काउंटरवर झाली. पगाराच्या दिवसांत ते रांगेत उभे राहत. केबिनमध्ये बसा म्हटले तरी बसत नसत. रांगेत पुढे-मागे असलेल्या मजुरांच्या स्लिपा भरून देत, आणि स्लिप भरताना रक्कम अक्षरी कशी लिहायची, तेही शिकवत. पुढच्या महिन्यात त्याच माणसाने स्वतः स्लिप भरली की त्यांचा चेहरा खुलत असे. पुढे संस्थेत ते सचिव आणि आम्ही कोषाध्यक्ष, असे जवळपास वीस वर्षे बरोबर काम केले.

या वीस वर्षांतील मोठे काम म्हणजे विद्यार्थी सहाय्य निधी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या मुलांचा मोठा आधार आहे. परंतु ती हाती पडेपर्यंत अनेकदा वर्ष सरते. फी, पुस्तके आणि खोलीभाडे मात्र आधीच द्यावे लागते. हा मधला काळच मुलांचे शिक्षण तोडतो, हे साहेबांनी ओळखले. म्हणून निधीतून रक्कम उसनी द्यायची, शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यायची आणि पुढच्याला द्यायची, अशी पद्धत त्यांनी घातली. व्याज नाही, तारण नाही. हिशेबाला मात्र ते फार कडक. पाच रुपयांची पावती नसली तरी सभा पुढे सरकत नसे. काही सभासद यावर नाराजही होत. पण लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा आहे, एवढेच त्यांचे उत्तर असे. एका मुलाकडून परतफेड थांबली तेव्हा साहेब त्याच्या घरी गेले. वडिलांचे काम सुटले होते. त्यांनी रक्कम मागितली नाही. आधी वडिलांच्या कामाची खटपट केली. वर्षभराने तो मुलगा स्वतः पैसे घेऊन आला.

विद्यार्थ्यांना ते एक गोष्ट आवर्जून सांगत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. देशाच्या वीज नियोजनाची पायाभरणी करताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध थेट गरिबी निवारणाशी जोडला. ज्या गावाच्या चिमण्यांतून राज्याची वीज निघते, त्या गावच्या मुलांनी हे जाणले पाहिजे, असा साहेबांचा आग्रह असे. मग कोळसा, इरई धरणाचे पाणी, वाफ, मिनिटाला तीन हजार फेरे घेणारे टर्बाइन, असे ते फळ्यावर काढून दाखवत. कला शाखेच्या आमच्यासारख्यालाही ते समजे.

निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले. पालकांनी मुलींना संध्याकाळी अभ्यासिकेत पाठवणे बंद केले. साहेबांनी सभासदांच्या पाळ्या लावल्या. टॉर्च आणि काठ्या घेऊन मुलींना घोळक्याने घरी पोचवायचे. पहिली पाळी त्यांची स्वतःची. निघताना मोजायचे आणि शेवटच्या दारापाशी पुन्हा मोजायचे. बॉयलरजवळची सवय अशी रस्त्यावरही कायम राहिली.

सभासदहो, निधीच्या खात्यावर दोन सह्या लागतात. त्यांतली एक आता होणार नाही. प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत, अर्ज येऊन पडले आहेत. दुःख आहे म्हणून फीची तारीख पुढे जात नाही. म्हणून आमची विनंती आहे की, याच महिन्यात सभा घेऊन नवीन सचिवाची निवड करावी, बँकेला ठराव द्यावा आणि एकही अर्ज अडू देऊ नये. आणि निधीतून शिकून नोकरीला लागलेल्यांनी आपली परतफेड झाली म्हणून नाते संपले, असे समजू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अभियंता व्हा, शिक्षक व्हा, कारकून व्हा. तुमच्या हाताखाली माणसे येतील तेव्हा त्यांची नावे पाठ करा. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आला की नाही, ते पाहा. साहेबांना याहून मोठे अभिवादन नाही.

कालकथित साहेबांच्या स्मृतीस संस्थेच्या वतीने विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!