माळीणला पहिला टिकाव कोणाचा पडला

(वनहक्क मेळाव्यात आपल्या एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. तिनेच लिहून दिले आहे.)



मला पावसाळ्याच्या तयारीवर बोल असं सांगितलंय. पावसाळा म्हटलं की मला माळीण आठवतं. आंबेगाव तालुक्यातलं, आपल्याच महादेव कोळ्यांचं गाव. ३० जुलै २०१४. मी तेव्हा आठवीत होते, आश्रमशाळेतून आवणीसाठी घरी आलेली. सकाळी डोंगर खाली आला आणि चाळीसच्या वर घरं माणसांसकट, गुरांसकट गाडली गेली. बाहेर कळलं ते एस.टी.च्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला तर गाव जागेवर नाही. त्यानं मागं फिरून सांगितलं.

आमची वाडी तिथून दोन डोंगर पलीकडं. बातमी आली तेव्हा माझा बा खाचरात होता. त्यानं चिखलाचे पाय पण धुतले नाहीत. इरलं, टिकाव घेतला आणि निघाला. वाडीतले अकरा गडी गेले. आवण अर्धं तसंच राहिलं.

नंतर एन.डी.आर.एफ.चे जवान आले, पोकलेन आले. त्यांनी पावसात दिवसरात्र काम केलं, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण ते पोचेपर्यंत टिकावानं, घमेल्यानं, नुसत्या हातानं उकरणारी माणसं आसपासच्या गावांची, वाड्यांची होती. आणि त्यांना कुठं उकरायचं ते माहीत होतं. यंत्राला सगळा चिखल सारखाच. बा म्हणायचा, इथं अमक्याचा गोठा, त्याच्या वर चुलीची बाजू, एवढ्या सकाळी बाई चुलीपाशीच असणार. सोयरीक असलेल्या माणसालाच हे कळतं. १५१ माणसं गेली. तान्ह्या लेकरासकट एक आई जिवंत निघाली, हे तुम्ही ऐकलंच असेल.

बायांचं काम कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आमच्या वाडीत घरटी दहा भाकरी ठरल्या. लाकडं ओली, घरात धूर कोंडलेला. माझ्या आयनं पेरायला राखलेली नाचणी दळली. कोणी पावती फाडली नाही, कोणी फोटो काढला नाही. नंतर कपड्यांचे ढीग आले, त्यात लग्नातले कोट पण होते. देणाऱ्याचं मन चांगलं, पण कोट घालून आवणी कशी करायची?

आता पडकईचं. दुसऱ्या भागातून आलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडं डोंगरउतारावर खाचर काढायचं तर एकट्याच्यानं होत नाही. घरटी एक माणूस येतो, आज तुझं, उद्या माझं. दगड रचून ताल धरायची. याला पडकई म्हणतात. माळीणनंतर पेपरात, टी.व्ही.वर सुरू झालं की आदिवाशांनी डोंगर खणला म्हणून डोंगर पडला. ज्या पडकईच्या रीतीनं माणसं धावून गेली, तिलाच गुन्हेगार केलं! खरं सांगायचं तर यंत्रानं उतार सपाट करण्यावर आपल्यातल्या जाणत्यांनीही तेव्हा बोट ठेवलं होतं. ते आपण झाकू नये. पाऊसही त्या दिवसांत भयंकर होता. पण टिकावाची पडकई वेगळी आणि जेसीबीची वेगळी. उतारावर यंत्र चढवायचं का नाही, हे ग्रामसभेनं विचारलं पाहिजे. मग ते सरकारी योजनेतलं असो नाहीतर आपल्या भावकीतलं.

माळीणला नऊ वर्षं होतात न होतात तोच १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आपले ठाकर. तिथं तर रस्ताच नाही, तासाभराची चढण. यंत्र वर जाईना. पुन्हा हातानंच उकरायचं. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला.

म्हणून आपल्या वाडीत कोण कुठं झोपतं हे शेजारच्या वाडीला माहीत पाहिजे. घरटी माणसं किती, म्हातारं कोण, बाळंतीण कोण, घर कुठल्या अंगाला. अशी वही करून एक प्रत शेजारच्या वाडीत ठेवायची. आणि डोंगरावर नजर. जमिनीला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, झाडं कलली, दार चौकटीत अडकायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

त्याच वहीत वनहक्काचे कागद. घर गाडलं तर पट्टाही गाडला जातो, दाव्याची पोचही जाते. वनहक्क समितीनं प्रत्येक दाव्याच्या झेरॉक्स गावाबाहेर एका जागी ठेवाव्यात. मला एका कार्यालयात सांगितलं गेलं, "वाडी धोक्याची म्हणून खाली आलात की वरचा प्लॉट सोडावा लागेल." मी २००६ चा कायदा दोनदा वाचला. धोका म्हणून घर हलवलं तर कसती जमीन सुटते असं त्यात कुठंही नाही. उलट दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताबा काढता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो आणि वारसाला जातो. कोणी तोंडी सांगितलं तर म्हणा, लेखी द्या.

नवी जागा दाखवली तरी भुलू नका. माळीणचं नवं गाव आमड्याला बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं ताब्यात दिली. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथं जमीन खचली, भेगा पडल्या. जागा उन्हाळ्यात बघून हो म्हणू नये. एक पावसाळा ग्रामसभेनं तिथं जाऊन पाणी कुठून उतरतं ते बघावं.

आमच्या वाडीची वही मी आणली आहे. शंभरपानी आहे, आठ रुपये मी घातले, पेन शाळेतल्या पोराचं. ती मागं भाताच्या पातेल्याशेजारी ठेवली आहे. जेवताना बघा, फक्त तेलाचे हात लावू नका. शेजारची वाडी कोणती धरायची हे आजच ठरवून तिचं नाव पहिल्या पानावर लिहा.