तडजोडीचा अध्यक्ष

शिरूर अथवा दौंड तालुक्यांतील एखाद्या गांवीं विकास सोसायटीच्या अध्यक्षाची निवड आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. घोडनदीच्या किंवा भीमेच्या कांठच्या त्या गांवांत दोन तट पडले आहेत. दोहोंचें बळ सारखें. माघार घेण्यास कोणीच तयार नाहीं. रात्रभर बैठका चालतात आणि पहांटे अकस्मात् तिसरेंच नांव पुढें येतें. काल जें नांव कोणाच्या ओठांवर नव्हतें, त्याच्याच गळ्यांत आज माळ पडते. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, असें लोक म्हणतात. परंतु म्हण येथें अपुरी पडते. लाभ त्या तिसऱ्याचा होतो, संस्थेचा होतो, कीं कोणाचाच होत नाहीं, हा खरा प्रश्न आहे; आणि खेड्यांतील सोसायटीपासून राष्ट्राच्या महासभेपर्यंत तो एकच आहे.

अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनांत ठरतो. १८४४ सालीं बाल्टिमोर येथें डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेंत व्हॅन ब्यूरेन यांस बहुमत होतें. परंतु नियमाप्रमाणें दोन-तृतीयांश मतें हवीं होतीं, तीं कांहीं मिळेनात. पहिल्या सात फेऱ्यांत ज्यांना एकही मत पडलें नव्हतें, ते जेम्स पोल्क नवव्या फेरींत निवडले गेले व पुढें राष्ट्राध्यक्षही झाले. उलट १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें त्याच पक्षानें १०३ फेऱ्यांनंतर जॉन डेव्हिस यांच्यावर एकमत केलें, आणि सार्वत्रिक निवडणुकींत पक्षाचा पुरता पराभव झाला. उपाय एकच, गुण मात्र दोन ठिकाणीं दोन प्रकारचा.

आपल्याकडील मोठें उदाहरण १९०६ सालच्या कलकत्ता काँग्रेसचें. आदल्याच वर्षीं बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशी व बहिष्कार यांच्या चळवळीनें तरुण मंडळी पेटली होती. बिपिनचंद्र पाल प्रभृति जहाल पुढाऱ्यांनीं अध्यक्षपदासाठीं लोकमान्य टिळकांचें नांव पुढें केलें. नेमस्तांना तें मानवणारें नव्हतें. मतदान झालें असतें तर सभाच दुभंगण्याची भीति होती. तेव्हां नेमस्त पुढाऱ्यांनीं लंडनला विचारणा करून दादाभाई नौरोजी यांची संमति मिळविली. दादाभाई १८८६ व १८९३ या दोन वर्षीं अध्यक्ष झालेले होते. वय ८१ वर्षांचें. त्यांच्या नांवास विरोध करणें जहालांना शक्यच नव्हतें, कारण देशाच्या दारिद्र्याची मीमांसा त्यांच्याच लेखणींतून सर्वांनीं शिकलेली होती.

या निवडीचें मर्म येथें आहे. तडजोडीचा मनुष्य म्हणजे कोणासच न दुखविणारा, म्हणून कोणाचाच नसलेला मनुष्य, अशी सामान्य समजूत असते. दादाभाई तसे नव्हते. ते दोन्ही पक्षांना आपले वाटत होते. वार्धक्यामुळें आवाज पुरेना. म्हणून त्यांच्या भाषणाचा बराच भाग गोखल्यांनीं वाचून दाखविला. परंतु अध्यक्षीय आसनावरून 'स्वराज्य' हा शब्द त्यांनीं उच्चारला, आणि त्याच अधिवेशनांत स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव संमत झाले. ज्यांचा उमेदवार मागें पडला, त्यांचा कार्यक्रम मात्र पुढें गेला.

तरीही भांडण मिटलें नाहीं. तें एक वर्ष लांबलें. त्या ठरावांचा अर्थ प्रत्येक पक्ष आपापल्या परीनें लावीत राहिला. १९०७ चें अधिवेशन नागपुरास व्हावयाचें होतें; तेथील कलहामुळें तें सुरतेस हलविण्यांत आलें. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांची योजना झाली. जहालांनीं मंडालेच्या हद्दपारींतून नुकत्याच सुटून आलेल्या लाला लजपतराय यांचें नांव सुचविलें. पण दुहीचें निमित्त होण्यास लालाजी राजी नव्हते, त्यांनीं तें नाकारलें. तिसरें सर्वमान्य नांव निघालें नाहीं. २७ डिसेंबर रोजीं टिळक व्यासपीठावर बोलण्यास उभे राहिले, गोंधळ माजला, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. पुढें टिळक मंडालेच्या तुरुंगांत गेले. दोन्ही पक्ष एकत्र बसलेले दिसण्यास १९१६ चें लखनौ अधिवेशन उजाडावें लागलें. आणि तेंही एखाद्या नांवाच्या जादूनें नव्हे. आदल्या वर्षीं मुंबईस काँग्रेसच्या घटनेचे नियम बदलले गेले, तेव्हां दार उघडलें.

यावरून निघणारा बोध साधा आहे. अडलेल्या सभेला तिसरा मनुष्य सोडवूं शकतो; पण तो देतो तो निकाल नव्हे, अवधि होय. त्या अवधींत दोन्ही पक्षांनीं मूळ मतभेदाचा निरास केला, तर तडजोड फळते. नाहीं तर कलकत्त्यानंतर सुरत ठरलेलीच. म्हणून पहांटे तिसऱ्याच्या गळ्यांत माळ घालून घरोघर निजावयास जाणाऱ्या मंडळींनीं, मग तीं गांवच्या सोसायटींतील असोत कीं राष्ट्राच्या सभेंतील, दुसऱ्याच दिवशीं पुन्हां एकत्र बसावें. खरें काम तेथून पुढें सुरू होतें.