पॉवर टिलर घ्यायचा, पण कसला आणि कुणाच्या पैशानं?
(पावसाळ्याआधीच्या पाडा-बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण)



यंदा पाड्यापाड्यांत एकच विषय निघतो. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही, मोठा ट्रॅक्टर आपल्या खाचरात उतरत नाही, मग मागं चालत चालवायचा पॉवर टिलर घ्यावा का? आमचं म्हणणं, घ्यावा. आपण यंत्राच्या विरोधात नाही. पण पट्ट्यासाठी जेवढी वर्षं लढलो, त्याची आठवण ठेवून घ्यावा.

आधी जमीन बघा. 8 ते 15 एचपीचा डिझेल टिलर लोखंडी चाकं लावून भाताची चिखलणी चांगली करतो. पण त्याचं वजन तीन-चारशे किलो. बांध कंबरेएवढे असतील, वाट नसेल, तर तो पहिल्याच खाचरात अडकेल. 5-7 एचपीचा लहान वीडर शंभर किलोच्या आसपास असतो, चौघं उचलून नेतात. भाजीपाल्याला, निंदणीला तो बरा; कडक जमीन आणि खोल चिखल त्याला झेपत नाही. आणि नागली-वरईच्या उभ्या उतारावर दोन्ही नकोत. फिरत्या पात्यांनी भुसभुशीत झालेली माती पहिल्या जोरदार पावसात ओहोळाला जाते. तिथं बैल नाहीतर कुदळच.

एक धोका नीट ऐका. सपाटीवर डावा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतार उतरताना तोच क्लच दाबला तर तो उजवीकडे जातो, कारण सुटं झालेलं चाक पुढं पळतं. हे ठाऊक नसेल तर माणूस यंत्रासकट बांधाखाली. आणि पाती फिरत असताना रिव्हर्स टाकू नका, पाय जातो. म्हणून दुकानाच्या अंगणात बघून पैसे देऊ नका. आपल्या खाचरात चालवून दाखवायला लावा. बायांनीही हाताळून बघा. पाती, बेल्ट तालुक्याला मिळतात का, तेही विचारा.

आता पैसा. टिलर दीड-दोन लाखांच्या घरात जातो. एकरभर चिखलणीला चार-पाच तास लागतात, म्हणजे दिवसाला दीड-दोन एकर. दहा-बारा दिवसांत पंधरा-वीस एकर. दहा घरांना एक टिलर पुरतो. एकट्यानं घेतला तर दोन दिवस चालेल, बाकी वर्ष पडवीत गंजेल आणि हप्ता मात्र दर महिन्याला येईल. मिळून घ्या. ज्याच्या खाचरात पाणी आधी साठतं त्याची पाळी आधी, हे आत्ताच ठरवा. एकट्या बाईचं शेत शेवटी ढकलू नका. तासाचा दर ठरवा, त्यातून डिझेल, ऑइल आणि दुरुस्तीचा पैसा बाजूला काढा.

सरकारी योजनेत आदिवासी आणि लहान शेतकऱ्याला निम्म्यापर्यंत अनुदान आहे, त्याला कमाल मर्यादा आहे. वनपट्ट्याची प्रत लावून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मंजुरी येण्याआधी खरेदी करू नका.

सावकार किंवा फायनान्सवाला मूळ पट्टा मागेल. देऊ नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 4(4) प्रमाणे ही जमीन वारसांना जाते. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे आहे. बायकोला न विचारता कुठल्याही कागदावर अंगठा नको, कोरा चेक नको.

शेवटचं. यंत्र हातात आलं की हद्द सरकवायचा मोह होतो. कायदा 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या कब्जाचा आहे. नवी जमीन फोडाल तर आपल्याच प्रलंबित दाव्यांना धक्का बसेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं लिहून आणा: खाचर किती, उतार किती, किती घरं एकत्र येतील. मग ग्रामसभेतच ठरवू.

आदिवासी एकजूट जिंदाबाद!