एका वेताची दोन करडे
(वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभे राहिलेल्या बाईने स्त्रीशिक्षणावर बोलावे, निदान बचतीवर तरी बोलावे, अशी रीत आहे. मी शेळीच्या करडांविषयी बोलणार आहे. हसू नका. आपल्या बीड जिल्ह्यात शेत बहुधा नवऱ्याच्या नावावर असते, घर सासऱ्याच्या. शेळी मात्र ‘हिची’ असते. दिवाळीच्या सुमारास घरची माणसे ऊसतोडीला निघाली की शेळी बिऱ्हाडाबरोबर जाते आणि वाढे खाऊन राहते, नाहीतर गावी सासूबाईंच्या दावणीला बांधली जाते. अडीअडचणीला हातात रोकड येते ती तिच्याच करडांतून. तेव्हा हा विषय बचतीचाच आहे, असे म्हणा ना!

बायका मला एक प्रश्न हटकून विचारतात. एकाच शेळीची, एकाच दिवशी झालेली दोन करडे. पाला तोच, गोठा तोच. मग एक टपोरे आणि दुसरे किडकिडे का? आणि किडक्याचे करायचे काय? याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते. लहान दिसते ते नेकनूरच्या बाजारात येईल त्या भावाला काढायचे आणि कळपातली सर्वांत थोराड पाट घरी ठेवायची. या रिवाजाशी मला आज भांडायचे आहे.

आपली शेळी उस्मानाबादी जातीची. ज्या जिल्ह्याच्या नावावरून तिचे नाव पडले, तो २०२३ पासून धाराशिव झाला. पण शेळीचे माहेर लातूर, बीड, परभणी, सोलापूर अशा सगळ्या मुलखात पसरलेले आहे. रंगाने बहुधा काळी, काटक, आणि जुळ्यांबद्दल नावाजलेली. आता जुळे म्हटले की वाटणी आली. शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते, आणि करडाची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या दिवसांत आईला मूठभर भरडा मिळाला नाही, तर पोटातल्या दोघांची ओढाताण होते. जन्मतःच एक सव्वादोन किलोचे, तर दुसरे पावणेदोनचे भरते.

पुढची वाटणी आचळांवर. जे आधी उभे राहते, ते आधी चीक पिते. पहिल्या तासाभरात पोटात गेलेला चीक म्हणजे करडाचे रोगाविरुद्धचे चिलखत. उशीर होईल तसा त्याचा उपयोग कमी होत जातो. शेळीला आचळे दोनच. दांडगे करडू एक रिकामे करते आणि दुसऱ्याला तोंड लावते. थोड्या दुधाची शेळी असली तर पावशेराचा फरक महिन्याभरात किलोवर जातो. शिवाय नर मादीपेक्षा बहुधा लवकर भरतो. म्हणून जुळ्यांतली पाट तिच्या भावापुढे लहान दिसली, तर ती कमअस्सल आहे असे मुळीच नाही. (ही तुलना आपण आणखी कोठे कोठे करतो, ते मी बोलत नाही.)

मात्र लहान आणि आजारी यांत भेद करा. लहान असून उड्या मारते, आचळासाठी भांडते, त्याची काळजी नको. केस राठ, पोट नगाऱ्यासारखे, लेंडी पातळ, पापणीच्या आतला भाग पांढरा, असे दिसले की ते जंताचे किंवा दुसऱ्या एखाद्या दुखण्याचे लक्षण समजावे आणि पशुवैद्याला दाखवावे.

आता हिशेब पाहा. समजा, एका शेळीला एकच करडू झाले. सगळे दूध त्याचेच. तीन महिन्यांत ते दहा किलोचे झाले. शेजारणीच्या शेळीला जुळी झाली. एक साडेसात किलोचे, दुसरे साडेसहाचे. दावणीत पाहणारा दहा किलोच्या करडाची वाहवा करतो. पण शेजारणीच्या पदरात चौदा किलो पडले आहेत! थोराड पाट पाहून घरी ठेवायची म्हटले, की आपण नकळत बहुतेक वेळा एकुलती पाट निवडतो, म्हणजे एकेकच देणाऱ्या शेळीची लेक. असे वर्षानुवर्षे केले, तर ज्या गुणासाठी ही जात नावाजली, तोच आपण हाताने निवडून बाहेर टाकतो. जुळ्यांचा गुण सगळाच रक्तातून उतरतो असे नाही. शेळीचे वय आणि खाणेपिणे यांचाही त्यात मोठा वाटा असतो. तरी थोडा का होईना, उतरतो. बोकडही जुळ्यांतलाच पाहावा, आणि तोच बोकड त्याच्या लेकींना दाखवू नये.

तीन महिन्यांची पाट पाहून निकाल देऊच नये. दूध तुटून पाल्यावर लागली की लहान पाट पुष्कळदा मागचे भरून काढू लागते. सगळ्याच काढतात असे नाही, पण आठ-नऊ महिन्यांपर्यंत वाट पाहिल्यावाचून ते कळत नाही. तोवर दांडग्याला धरून ठेवून लहानग्याला आधी पाजावे. दोन-तीन आठवड्यांपासून कोवळी शेवरी, सुबाभूळ टांगून द्यावी. आणि कुडाला एक भोक असे ठेवावे की करडे आत जातील, आई जाणार नाही. आत चिमूटभर भरडा. पाट माजावर आली म्हणून लगेच फळवू नये. वीस-बावीस किलो भरू द्यावी.

हे सगळे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. त्यासाठी मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. टांगायचा एक स्प्रिंगचा काटा घ्यावा आणि एक वही. जन्मतारीख, नर की मादी, एकुलते की जुळे आणि दर महिन्याचे वजन, एवढेच लिहायचे. जुळ्याची तुलना जुळ्याशी, पाटीची पाटीशी. काटा कोणाकडे राहील ते अध्यक्षीणबाईंनी आजच ठरवावे. करडू झोळीत घालताना चारही पाय आत घ्यावेत. एक बाहेर राहिला, तरी ते उसळी मारते आणि काटा हलून वजन चुकते.