रेषा कडक असावी, शिक्षा नेमकी असावी



 आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. गोलंदाजाच्या बेकायदा चेंडूला आपला खेळ जी शिक्षा देतो, ती न्याय्य आहे का? हा प्रश्न पंचांच्या सभेतच मांडायला हवा, कारण शिक्षा नियमावली ठरवत असली तरी हात आपला आडवा होतो.

सुरुवातीलाच सांगतो, रेषेबाबत माझी तक्रार नाही. पुढच्या पायाचा थोडासा तरी भाग पॉपिंग क्रीजच्या मागे असला पाहिजे, हा नियम स्वच्छ आहे. पूर्वी मागचा पाय पाहिला जाई. उंचेपुरे वेगवान गोलंदाज तो पाय घासत पुढे नेत आणि फलंदाजाच्या बरेच जवळ येऊन चेंडू सोडत. १९५८-५९च्या अ‍ॅशेस मालिकेत ऑस्ट्रेलियाच्या गॉर्डन रॉर्कवरून यावर मोठा गदारोळ झाला. १९६०च्या दशकात पुढच्या पायाचा नियम आला, तो या लबाडीला आळा घालण्यासाठी. तो यायलाच हवा होता.

मात्र त्यानंतर शिक्षेवर शिक्षा चढत गेली. पूर्वी नो-बॉलवर फलंदाजाने धावा काढल्या, तर दंडाची धाव वेगळी मिळत नसे. १९९८पासून ती काढलेल्या धावांच्या वर मिळू लागली. गुणलेखकांना आठवत असेल, १९८०च्या दशकापर्यंत नो-बॉल आणि वाईड फक्त अवांतरात जात. पुढे ते गोलंदाजाच्या नावावर चढू लागले. ट्वेंटी-२०बरोबर फ्री हिट आली. २००७मध्ये ती एकदिवसीय सामन्यांत शिरली, तीही फक्त पाय रेषेबाहेर पडल्यावर. २०१५पासून कुठल्याही नो-बॉलला फ्री हिट मिळू लागली. आज मर्यादित षटकांच्या सामन्यात पाऊल चुकलेल्या गोलंदाजाचा बळी रद्द होतो, एक धाव जाते, चेंडू पुन्हा टाकावा लागतो, तो सारा हिशेब त्याच्या पृथक्करणात लागतो आणि पुढच्या चेंडूवर धावबादसारखे एखाददुसरे अपवाद सोडले, तर फलंदाज बाद होत नाही.

यातल्या पहिल्या चार गोष्टी मला मान्य आहेत. बळी रद्द होणे ही तर फार मोठी शिक्षा आहे. २०१७च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात बुमराच्या चेंडूवर फखर झमान ३ धावांवर यष्टिरक्षक धोनीकडे झेल देऊन परतत होता. तो नो-बॉल निघाला. झमानने ११४ केल्या आणि सामना भारताच्या हातून गेला. २०१६च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आपल्या वानखेडेवर अश्विन आणि हार्दिक पांड्या या दोघांच्याही चेंडूंवर लेंडल सिमन्सचा झेल पकडला गेला, दोन्ही वेळा पाऊल रेषेबाहेर होते. सिमन्स नाबाद ८२ आणि भारत स्पर्धेबाहेर. चुकीची किंमत इतकी असताना आणखी कशाची गरज आहे?

माझा आक्षेप फ्री हिटवर आहे आणि तो तत्त्वाचा आहे. फ्री हिटचा चेंडू पूर्णपणे कायदेशीर असतो. पाय मागे, हात सरळ, यष्ट्या उडाल्या, तरी फलंदाज उभाच. २०२२च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात मेलबर्नला नवाझने फ्री हिटवर कोहलीच्या यष्ट्या उडवल्या आणि त्यावर भारताने तीन बाय पळून काढल्या. आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण आपल्याकडे म्हणतात, चोर सोडून संन्याशाला सुळी. इथे चोराला शिक्षा होतेच, वर संन्याशालाही सुळावर चढवले जाते.

फ्री हिटच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. मागच्या पायाच्या काळात पंचांची हाक लवकर यायची, फलंदाजाला तो चेंडू मोकळेपणाने मारता यायचा. आता पाय पडतो आणि चेंडू सुटतो यांत इतके कमी अंतर असते की हाक ऐकून फटका बदलणे अशक्य. हुकलेल्या संधीची भरपाई म्हणजे फ्री हिट, असे सांगितले जाते. पण भरपाई म्हणून धाव आहे, जादा चेंडू आहे, जीवदानही आहे. कसोटीत तेवढे पुरते. तोच पाय, तीच रेषा, तेवढेच अंतर. मग पांढऱ्या चेंडूला वेगळा न्याय का?

दुसरा युक्तिवाद शिस्तीचा. शिस्त मात्र शिक्षेच्या जबरपणापेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीने येते. डिसेंबर २०२१च्या ब्रिस्बेन कसोटीत तिसऱ्या पंचांकडची यंत्रणा बंद होती. बेन स्टोक्सने पहिल्या पाच षटकांत १४ वेळा रेषा ओलांडल्याचे प्रक्षेपणात दिसले, पुकारले गेले फक्त दोन. त्यातला एक वॉर्नरचा त्रिफळा उडाल्यावर. चुकीची जाणीवच न दिलेल्या गोलंदाजाने पाय मागे घ्यावा तरी कसा? जिथे तिसरे पंच प्रत्येक चेंडू पाहतात, तिथे खात्री आली आहे. तिथे वरचा कडकपणा अनावश्यक ठरतो.

आता फलंदाजाच्या पारड्यात पाहू. अनवधानाने धाव अपुरी राहिली, तर फक्त ती धाव जाते. नॉन-स्ट्रायकरने चेंडू सुटण्याआधी क्रीज सोडली, तर गोलंदाजाने यष्ट्या उडवेपर्यंत काहीच होत नाही. दीप्ती शर्माचे २०२२ हे वर्ष आठवा. मार्चमध्ये ख्राइस्टचर्चला शेवटच्या षटकात तिच्या चेंडूवर मिन्यॉन दु प्रीझचा झेल हरमनप्रीतने घेतला, पण तो नो-बॉल ठरला आणि शेवटच्या चेंडूवर भारत विश्वचषकातून बाहेर पडला. फिरकी गोलंदाजाला त्या इंच-दीड इंचात काय मिळणार होते? तरी नियम तो नियम, कुणी कुरकुर केली नाही. सप्टेंबरमध्ये लॉर्ड्सवर रेषा सोडून निघालेल्या चार्ली डीनला तिने नियमानुसार धावबाद केले, तेव्हा मात्र खिलाडूवृत्तीचे धडे दीप्तीलाच मिळाले. रेषा दोघींसाठी होती, पण जाब एकीलाच विचारला गेला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून सरळ 'धावबाद'च्या कलमात टाकण्यात आला, हे एमसीसीने योग्य केले.

म्हणून माझे मत असे. पाऊल चुकल्यास कसोटीत आहे तेवढीच शिक्षा सगळीकडे असावी. फ्री हिट ठेवायचीच, तर कंबरेवरच्या फुलटॉससाठी ठेवा, कारण तिथे फलंदाजाच्या अंगाला धोका असतो. इंचभर सरकलेली टाच आणि बरगडीवर आलेला चेंडू यांना एकाच तराजूत तोलणे गैर आहे.

नियम आपण या सभागृहात बदलू शकत नाही, पण तीन कामे आपल्या हातात आहेत. पंचांनो, गोलंदाज रेषेला भिडू लागला की पुकारण्याआधी त्याला तसे सांगा. प्रशिक्षकांनो, नेट्समध्ये रेषा आखा आणि तिथेही नो-बॉल पुकारा; सरावात माफ केलेले पाऊल सामन्यात महागात पडते. आणि गुणलेखकांनो, नो-बॉल पायाचा की उंचीचा, याची वेगळी नोंद याच हंगामापासून ठेवा, फ्री हिटवर किती धावा गेल्या तेही लिहा. पुढच्या अधिवेशनात त्या नोंदी टेबलावर ठेवू आणि नियम करणाऱ्यांकडे हिशेबानिशी मागणी करू.