कोष्टक की शैलीपत्रक?

संगणकाच्या पडद्यावरील पान आज वृत्तपत्राच्या पानाइतकेच परिचयाचे झाले आहे. डावीकडे अनुक्रम, मध्ये मजकूर, उजवीकडे जाहिराती ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते की, ती कोणीतरी बसवलेली असते याचा वाचकाला विसर पडतो. परंतु ती कशी बसवावी, याविषयी या व्यवसायात कित्येक वर्षे कडाक्याचा वाद चालला होता.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली जालाची कल्पना मांडली, ती संशोधकांची माहिती एकमेकांस जोडण्यासाठी. त्या पानांच्या भाषेत शीर्षक, परिच्छेद, यादी यांना खुणा होत्या, स्तंभांना नव्हत्या. १९९५ साली नेटस्केपचा ब्राउझर कोष्टके दाखवू लागला. कोष्टक हे वस्तुतः आकड्यांसाठी; पण त्याच्या रेघा अदृश्य केल्या की घरांत वाटेल ते मांडता येते, हे मांडणीकारांच्या ध्यानी आले. मग कोष्टकाच्या पोटात कोष्टक, त्याच्याही पोटात तिसरे! मोकळी जागा राखण्यासाठी एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवीत. छापखान्यातील जुळाऱ्याच्या कोऱ्या खिळ्यांचेच हे भावंड म्हणावयाचे.

दुसरी वाट होकोन व्हियुम ली यांनी सर्नमध्येच ऑक्टोबर १९९४ मध्ये सुचवली होती. पानात केवळ आशय ठेवावा. रंग, टंक, समास यांचे नियम निराळ्या शैलीपत्रकात लिहावेत. पाने शंभर असली तरी पत्रक एकच, आणि त्यात एक ओळ बदलली की शंभरही पानांचे रूप पालटते. डिसेंबर १९९६ मध्ये या पद्धतीस मानकाचा दर्जा लाभला.

तत्त्व निर्दोष होते. मात्र ते अमलात आणणारे ब्राउझर सदोष होते. रुंदी म्हणजे केवळ मजकुराची, असे मानक सांगे. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती त्याच रुंदीत आतला समास आणि कडही धरी. एकाच नियमाने पान एका ठिकाणी नीट दिसे, दुसऱ्या ठिकाणी मोडे. ज्याला गिऱ्हाईकाचे काम ठरल्या दिवशी द्यावयाचे, त्याने कोष्टकाचा आश्रय घेतला तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत होते. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारी यंत्रणा घरामागून घर घेत जाते. तेव्हा जाहिरातीचा तुकडा, अनुक्रमातील शब्द आणि बातमीचा अर्धा भाग, अशी खिचडी त्याच्या कानी पडे. म्हणूनच १९९९ च्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, घरे ओळीने वाचली असता अर्थ लागत नसेल तर मांडणीसाठी कोष्टक वापरू नये, असे सांगितले. पुढे ब्राउझर सुधारले. २००३ साली डेव्ह शी यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ मध्ये एकाच मजकुराला केवळ पत्रक बदलून अनेक रूपे दिली, तेव्हा संशयी लोकही वरमले. आडव्याउभ्या चौकटींची सोय खुद्द शैलीपत्रकात प्रमुख ब्राउझरांनी आणली ती २०१७ साली.

काही उत्साही मंडळींनी मग आगगाड्यांच्या वेळापत्रकातूनही कोष्टक हद्दपार केले. हा अतिरेक होय. स्तंभांच्या मथळ्यांना योग्य खुणा केलेल्या कोष्टकात तीच वाचणारी यंत्रणा प्रत्येक आकड्याबरोबर गाडीचे आणि स्थानकाचे नावही सांगू शकते.